जरासं वर वळलेलं टोक

दोन्ही पेन तिने डोळे मिटून हातात घेतले, आधी हा मग तो, मग उलट, आणि कुठला कुठला ते तिला सांगता येईना.

एवढंच घडलं. काचेच्या कपाटामागे उभ्या असलेल्या दुकानदाराला त्यात काही विशेष वाटलं नसेल. गिऱ्हाइकं डोळे मिटतात, पेन कानाशी धरून हलवतात, एकजण म्हणे वासही घ्यायचा. पण तिला मात्र जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी तसं झालं. कारण हाताने ओळखणं हीच तिची भाकरी होती. वाळवलेल्या रोपांच्या संग्रहालयात ती सव्वीस वर्षं चिठ्ठ्या लिहीत होती: झाडाचं नाव, सापडलं कुठे, खुडलं कुणी, कधी. बोटभर कागदावर चार ओळी, न पुसल्या जाणाऱ्या शाईत, लिहिणारी मेली तरी टिकतील अशा. तिच्या खणात नऊ पेन होते आणि जेवणाच्या सुट्टीत बाकीचे तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून पैजा लावायचे. ती एकदाही चुकली नव्हती. तिथे तिला सगळे छापखाना म्हणत, अगदी तोंडावर, आणि आपल्याला ते आवडतं असं तिने इतकी वर्षं धरून चालवलं होतं. आता समोर दोन काळे पेन, एकाच जपानी कारखान्यातले, तीन आकडी नावांत शेवटचा आकडा तेवढा वेगळा, आणि छापखाना बंद पडलेला.

दुकानदाराच्या गळ्यात दोरीला एक भिंग लोंबत होतं, म्हणून मनातल्या मनात तिने त्याला भिंगवाला म्हणायला सुरुवात केली होती. "सख्खे भाऊ आहेत," भिंगवाला म्हणाला. दोघांतला फरक त्याने मघाशीच सांगून टाकला होता, लग्न जमवणाऱ्याच्या उत्साहाने. एकाचे दोन्ही शेंडे गोल, दुसऱ्याचे सपाट कापलेले. एकाच्या टोपणाला सोनेरी कडी, दुसऱ्याला रुपेरी. वजनात दोन ग्रॅमचा फरक, तो माणसाला कळत नाही, वहीला कळतो. निबा दोन्ही सोन्याच्या, दोन्ही बारीक. फक्त गोल शेंड्याच्या पेनाची निब नाकासमोर सरळ जाणारी, आणि सपाट शेंड्याच्या पेनाच्या निबेचं टोक अगदी शेवटी जरासं वर वळलेलं, होडीच्या नाळेसारखं. भिंगातून पाहिल्याशिवाय दिसतही नाही. त्याने भिंग पुढे केलं. तिने पाहिलं. दिसलं. पण हाताला कळलं नाही, आणि डोळ्यांना कळून तिला काय करायचं होतं?

खरं म्हणजे निवडण्यासारखं काही नव्हतंच. काय आणायचं ते तिला घरून सांगून पाठवलं होतं. "गोल बुडाचा, सरळ टोकाचा," बाबा म्हणाले होते. "दुकानदार काहीबाही दाखवेल. आपण ऐकायचं नाही." ती एकावन्न वर्षांची होती, तिला वाचायचा चष्मा होता, तिच्या हाताखाली दोन माणसं काम करत होती, आणि दुकानात काय ऐकायचं नाही हे बाबांनी तिला दारात उभं करून सांगितलं होतं. बाबांचा जुना पेन आठवड्यापूर्वी त्यांच्याच हातातून पडला, टोकावर. चाळीस वर्षं तो हातातून पडला नव्हता, कारण चाळीस वर्षं तो हात कापत नव्हता. आता कापतो. चहाची बशी वाजते, सदऱ्याची गुंडी लागत नाही, आणि ते हात मांडीखाली दाबून बसतात, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे. तसा पेन आता कारखान्यातून निघत नाही. त्याच घराण्यातले हे दोन निघतात.

बाबा म्हणजे कित्तेमास्तर. शाळेत सुलेखन शिकवायचे, ते तर सोडाच. त्यांनी एक कित्ता लिहिला होता, चाळीस पानांचा, निळ्या पुठ्ठ्याचा, वर ठसठशीत ओळ आणि खाली गिरवायला रिकाम्या चार रेघा. त्या कित्त्यावर गावातल्या तीन पिढ्यांचे हात वळले. बँकेतला माणूस, औषधांच्या दुकानातली बाई, पोस्टातला कारकून, कुणीही काही लिहून दिलं की ती ओळखायची: हा आमच्या घरातला काना. लोकांना आईबापांची नाकं-डोळे येतात. या गावाला बाबांची वळणं आली होती. पहिल्या पानावरची ओळ होती, 'घाट गोल, रेघ सरळ, मन जागेवर'. दुकानातल्या चाचणीच्या वहीवर लोक आपली नावं लिहून पाहत होते, सह्या, फुलं, नुसती वेटोळी, एकाने तर 'पगार कधी वाढणार' असं लिहिलेलं. तिने दोन्ही पेन शाईत बुडवून दोनदा तीच ओळ लिहिली होती. घाट गोल, रेघ सरळ, मन जागेवर. दोन्ही ओळी हुबेहूब एकमेकींसारख्या. भिंगवाला बघतच राहिला आणि म्हणाला, की हे तर पुस्तकातलं अक्षर आहे, मी पण यावरच गिरवलंय. तिने त्याला सांगितलं नाही. असं सांगितलं की लोक बाबांची तब्येत विचारतात.

आणि गोष्ट नेमकी तिथेच अडली होती. कित्त्याचे जुने ठसे छापखानदाराच्या गोदामात ओल लागून गेले होते. त्याला कित्ता पुन्हा काढायचा होता. मुलांचे हात बिघडलेत, पालक मागतायत, असं तो म्हणत होता. जुन्या प्रती फिकट, त्यांवरून छापलं तर रेघा तुटतात. चाळीस पानं नव्याने लिहून हवी होती. तो घरी आला तेव्हा बाबांनी हात मांडीखाली दाबलेले होते आणि ते हसून म्हणाले, महिन्यात देतो. तो गेल्यावर ते तिच्याकडे वळले. "तू लिही. तुझं माझं अक्षर एकच आहे. कुणाला कळायचं नाही." ते त्यांनी बक्षीस द्यावं तसं म्हटलं. आयुष्यात त्यांनी तिला इतकं मोठं शाबासकीचं वाक्य दिलं नव्हतं, आणि ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, कारण तिला एकदम आनंद झाला आणि त्याच श्वासात पाटा उचलून कुठेतरी घालावा असं वाटलं. वर त्यांचं नाव, आत तिचा हात. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. "पेन आणते," म्हणाली. माणूस असा असतो. जिथे तोंड उघडायचं तिथे पिशवी उचलतो.

कुणाचा हात पण? हा प्रश्न काही तिला दुकानात पहिल्यांदा पडला नव्हता. पाच महिन्यांपूर्वी संग्रहालयात वरच्या कप्प्यातला गठ्ठा काढताना शिडी सरकली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. संग्रहालयाच्या प्रमुखबाई म्हणाल्या रजा घ्या. ती घरी दोन दिवस बसली, बाबांच्या समोर, आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाली. टेबलावर एकशे दहा रोपं नुसती पडून होती, बिननावाची, आणि बिननावाचं रोप म्हणजे कडबा. त्या दिवशी दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, म्हणजे चोरी करताना बघतात तसं बघून, तिने पेन डाव्या हातात घेतला. पंचेचाळीस वर्षांनी. तिला वाटलं होतं बोटं बधिर असतील, लाकडाची. तसं काही नव्हतं. हात जणू दाराआड चपला घालूनच उभा होता. अक्षर वेडंवाकडं आलं, मोठं आलं, उजवीकडून वारा सुटल्यासारखं डावीकडे रेललेलं आलं, लिहिलेल्यावरूनच तळहाताची कड घासत गेली आणि सगळी निळी झाली, आणि तिला रडू फुटलं. ते दुःखाचं रडू नव्हतं. खूप वेळ दाबून धरलेली लघवी सुटल्यावर डोळ्यांत पाणी येतं ना, तसलं. यापेक्षा सभ्य उपमा तिला सुचली नाही आणि तिने शोधलीही नाही.

सहा वर्षांची होती. बाबा मारत नसत. मारलं असतं तर बरं, मार आठवतो, त्याला तोंड असतं. बाबांनी स्वतःच्या गळ्यातला लोकरीचा मफलर काढला, तपकिरी, त्यांच्या अंगाच्या उबेचा, आणि तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्याला बांधला. गाठ मारून झाल्यावर गाठीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "घट्ट नाही ना?" ती नाही म्हणाली. घट्ट नव्हताच. रोज तासभर, एक अख्खं वर्ष, घट्ट नसलेला मफलर. कधीकधी ते बांधायचे विसरत, तेव्हा ती स्वतः आठवण करून द्यायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याने बांधलं त्याच्यावर चिडता येतं. पण मफलर घेऊन जी स्वतः चालत गेली तिचं काय करायचं? आईने मात्र बाबांना कधी काही म्हटलं नाही आणि त्यांचं कधी काही ऐकलंही नाही. आई म्हणायची, स्वयंपाकघरात शाळा भरत नाही. तिथे लेकीने डाव्या हाताने भाजी चिरली, डाव्या हाताने पीठ मळलं, डाव्या हाताने सुईत दोरा ओवला. बाबा स्वयंपाकघरात यायचे नाहीत, पाणीसुद्धा बाहेर मागायचे. म्हणजे घरात एक उंबरठा होता आणि त्याच्या अलीकडे ती उजवी होती, पलीकडे डावी. धाकट्या भावाला यातलं काही नाही. त्याचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजरीला, बाबांनी त्याच्यासमोर दोन वर्षांत हात टेकले. तो आता दूर राहतो, फोनवर बोलतो, आणि बाबांबद्दल म्हणतो, "अगं, आता त्यांचं वय झालं, सोड." त्याला सोडायला काय जातं? त्याला कुणी धरलंच नव्हतं.

आणि भाषासुद्धा बघा कशी बापाच्या बाजूची. चांगलं ते उजवं. टाळायचं ते डावलायचं. कर्तबगार माणूस कुणाचातरी उजवा हात असतो. डावा हात कुणी कुणाचा असल्याचं तिने ऐकलं नव्हतं. ती हे सगळं लहानपणापासून ऐकत आली आणि ऐकणाऱ्याच्या जागी बसून मान डोलावत आली. प्लॅस्टर निघाल्यावर तिने पुन्हा उजव्या हातात पेन घेतला आणि पहिली चिठ्ठी झोकात आली, जशीच्या तशी, कित्त्यातली. प्रमुखबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "ह्या कुणी लिहिल्या, मागच्या सहा आठवड्यांच्या?" तिने सांगितलं, मीच, डाव्या हाताने, परत लिहून देते. बाई म्हणाल्या, कशाला? "तुमचं आधीचं अक्षर बघत बसायला होतं. हे वाचायला होतं." बाईंना कौतुक करता येत नाही हे सगळ्या संग्रहालयाला माहीत होतं, त्यामुळे हे खरं असणार. तेव्हापासून ती ऑफिसात दाराकडे पाठ करून डाव्या हाताने लिहीत होती आणि घरी सामानाची यादी उजव्या हाताने. पुन्हा उंबरठा. फक्त स्वयंपाकघर तेवढं हललं होतं.

"दोन्ही न्या की," भिंगवाला म्हणत होता. लोक नेतात, म्हणाला. एक घरी, एक कामावर. त्यात वाईट काही नव्हतं, आणि परवडत नव्हतं असंही नाही. ती दोन्ही नेणारच होती, एक क्षणभर. पिशवीच्या तोंडाकडची चेन तिने उघडलीसुद्धा. मग तिला दिसलं, की गोल बुडाचा पेन बाबांच्या टेबलावर असेल, दारासमोरच्या, आणि सपाट बुडाचा ऑफिसच्या खणात, मागे, जेवणाच्या डब्याजवळ. हेच तर ती करत आली होती. दोन पेन घेणं म्हणजे पुन्हा दोन खोल्या भाड्याने घेणं. "एकच," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला भाजीवालीशी घासाघीस करतानाचा वाटला, आणि तो बरा वाटला.

"मग कुणासाठी ते सांगा, म्हणजे मला सांगता येईल," तो म्हणाला. ती म्हणाली, कामासाठी. त्याने वहीवरच्या तिच्या दोन ओळींकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, आणि त्याचं बघणं डाव्या हातावर थांबलं. तळहाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत निळसर होती; ती शाई साबणाने जात नाही, कातडीबरोबर जाते. "लिहिता उजव्याने," भिंगवाला म्हणाला, "आणि शाई डाव्याला?"

लोक दाराशी उभे राहून तासभर बेल वाजवतात आणि मग कुणीतरी म्हणतं, अहो, दार उघडंच आहे. तिला हसू आलं, मोठ्याने आलं. बाजूला एक बाई पाकिटं निवडत होती, तिने वळून पाहिलं. सव्वीस वर्षं पेनांची पारख करणारी बाई दोन पेन निवडायला येते आणि चाचणी घेते भलत्याच हाताची. उजव्या हाताला ते दोन्ही सारखेच वाटणार होते. त्याला कुठलाही पेन दिला तरी तो बाबांचंच लिहिणार होता, त्याला टोकाशी काय देणंघेणं? तिने गोल बुडाचा पेन डाव्या हातात घेतला, शाईत बुडवला, आणि मनगट ओळीच्या वर नेऊन गळाच्या आकड्यासारखं आत वळवून लिहायला घेतलं, जसं ती ऑफिसात लिहायची, म्हणजे हात लिहिलेल्यावर येत नाही, थोडातरी. सरळ टोक कागदात घुसलं. उजवा हात पेन ओढत नेतो, डाव्याला तो ढकलावा लागतो. ढकललेलं सरळ टोक नांगरासारखं उकरत गेलं, तिसऱ्या अक्षरावर अडलं आणि शाईचे बारीक शिंतोडे उडाले. मग सपाट बुडाचा. वर वळलेलं टोक कागदावर आलं आणि थांबलंच नाही. ढकललं तरी गेलं, तिरकं झालं तरी गेलं. दोन्ही पेनांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आंधळ्यानेही सांगितलं असतं. तिने डोळे मिटले, भिंगवाल्याला पेन पाठीमागे बदलायला सांगितले, चारदा. चारही वेळा ओळखले. छापखाना चालू होता. यंत्र तेवढं दुसरं होतं.

"हात असा वळवून दुखत नाही?" भिंगवाल्याने विचारलं.

"दुखतो."

"कुणी शिकवलं असं धरायला?"

"कुणी नाही. म्हणून तर असा."

तिने सपाट बुडाचा घेतला. डबी नको म्हणाली, खिशातच टाकला, आणि बाहेर पडली. दुपारचे बारा वाजत आले होते, रस्त्याच्या एका कडेला सावली उरली होती बोटभर, आणि ती मुद्दाम उन्हातून चालली.   वाटेतल्या पाट्यांवर, औषधांच्या दुकानावर, शिंप्याच्या दारावर, जिथे जिथे कुणी हाताने काही लिहिलं होतं तिथे तिथे बाबांचा काना तिला दिसत राहिला आणि पहिल्यांदाच ती त्याच्याकडे परक्यासारखं बघू शकली: सुंदर आहे. खरंच सुंदर आहे, त्यात काही खोट नाही. खोट असती तर सोपं होतं. चोरीच्या घरातही पंचेचाळीस वर्षं राहिलं की त्याच्या भिंतींची सवय होते, कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं ते कळतं. ते अक्षर तिचंही होतं. तिने त्याला जगवलं होतं. उद्या तिने ते टाकलं तर बाबांच्या थरथरीबरोबर ते संपणार होतं, जुन्या प्रती फिकट होत होत्याच. हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. संपेल. पुष्कळ झाडं तिच्या कपाटात अशी होती की बाहेर आता उगवत नाहीत, तिच्या चिठ्ठीपुरती उरलेली. त्यांना जिवंत ठेवायला ती स्वतः जमिनीत जाऊन उभी राहिली नव्हती.

घरी बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. त्यांच्या गळ्यात मफलर होता, राखाडी, भावाने पाठवलेला. तपकिरी कधीच विरून गेला होता. टेबलावर जाड पांढरा कागद लावून ठेवलेला, त्यावर पट्टीने आखलेल्या रेघा. तिने जवळ जाऊन पाहिलं. रेघा त्यांनी स्वतः आखल्या होत्या. पट्टी असूनही रेघ प्रत्येक बोटभर अंतरावर हिसका घेत होती, पट्टी धरणाराही हात थरथरत असणार आणि पेन्सिल धरणाराही. सगळी सकाळ गेली असेल. पंधरा रेघा. तिच्या छातीत काहीतरी मऊ व्हायला लागलं आणि तिला त्याचा राग आला, कारण हे तिला पाठ होतं: घट्ट नाही ना?

"आणलास?" बाबा म्हणाले.

"बाबा, कित्ता मी लिहिणार नाही."

बोलून झालं. ती वाट पाहत राहिली की काहीतरी पडेल, फुटेल. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. बाबांनी विचारलं, का, वेळ नाही? ती म्हणाली, वेळ आहे. मनगट दुखतं? ती म्हणाली, मनगट बरं आहे. "मग तो काय छापणार?" ते म्हणाले. ती म्हणाली, तुमचं आत्ताचं अक्षर छापू दे. नाहीतर नको छापू दे. मुलं काय, नाहीतरी शिकतीलच काहीतरी. हे उद्धट होतं आणि तिने ते उद्धटच राहू दिलं, मागून साखर घातली नाही. बाबांनी हात मांडीखालून काढले, टेबलावर ठेवले, आणि ते टेबलावर बारीक वाजत राहिले, टकटक टकटक, कुणीतरी आत येऊ का विचारत असल्यासारखे. मग म्हणाले, "पेन तर दाखव."

तिने खिशातून काढला. त्यांनी तो घेतला नाही. बुडाकडे बघून ओळखलं. "हा सपाट आहे."

"टोक वर वळलेलं आहे. माझ्यासाठी आणलाय."

खुर्ची ओढून ती त्यांच्या समोर बसली. पेनात शाई भरून घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला; तो तिने घेतला, घाई केली नाही. मग तिने पेन डाव्या हातात धरला, बाबांच्या नजरेसमोर, दाराकडे पाठ न करता, आणि त्यांनी आखलेल्या पहिल्या वाकड्या रेघेवर मनगट वळवून लिहायला लागली. घाट गोल, रेघ सरळ. दुसरं काही सुचलं नाही म्हणून तेच. अक्षर मोठं आलं, रेललेलं आलं. मफलर बांधलेल्या मुलीचं नव्हतं ते, तिने लिहिलं असतं तर ते सहा वर्षांचं राहिलं असतं. हे बायकांचं, भाज्या चिरलेलं, एकावन्न वर्षांचं अक्षर होतं. हाताची कड ओल्या शाईवरून गेली आणि 'सरळ'वर निळा ढग पसरला. ती थांबली. बाबा कागदावर वाकून बघत होते. आयुष्यभर त्यांनी असे कागद पाहिले होते, हजारांनी, आणि आता ते लाल पेन्सिल शोधतील असं तिला वाटलं. ती पेन्सिल टेबलावरच्या डबीत होतीच.

"हे कुणाचं अक्षर?" ते म्हणाले.

"माझं."

 मग त्यांचा उजवा हात उचलला गेला, हवेत थरथरत आला, आणि तिने नकळत स्वतःचा डावा हात मागे घेतला. पण तो हात तिच्याकडे येत नव्हता. कागदाच्या वरच्या कडेवर त्यांनी दोन बोटं टेकवली. कागद डावीकडे कललेला होता, शाळेत सगळ्यांचा असतो तसा, कित्त्याच्या पहिल्याच पानावर चित्र काढून सांगितलेलं तसा. बाबांनी तो हळूहळू सरकवला, अडखळत, पुरा उजवीकडे कलेपर्यंत, डावा कोपरा वर आणि उजवा खाली. मग पेनाकडे बोट करून म्हणाले, "मनगट ओळीच्या खाली घे. पेन जरा मागून धर. लिही आता."

तिने मनगट खाली घेतलं. आकडा सुटला. हात ओळीखालून सरळ चालू लागला, ओल्या शाईला शिवलाच नाही, खांद्यापर्यंत कुठे ताण आला नाही, आणि वर वळलेलं टोक पाण्यावरून जावं तसं गेलं. अख्खी ओळ. एकही डाग नाही. पाच महिने ती दाराआड जे चाचपडत शोधत होती ते एवढंसं होतं, कागद दोन वीत फिरवायचा. ओळ संपवून तिने मान वर केली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"प्रशिक्षणात दोन्ही हातांचं शिकवलं होतं," बाबा म्हणाले. "मी पहिला आलो होतो त्यात."

"मग?"

बाबांनी हात पुन्हा मांडीखाली घातले. खिडकीकडे बघत, पण आवाज न लपवता, म्हणाले, "उजव्याचं सोपं होतं. शिकवणाऱ्याला."

तिला वाटलं आता आपण उठू, किंवा ओरडू, किंवा त्यांच्या त्या राखाडी मफलरवर डोकं टेकू. यातलं काहीच झालं नाही. माफ करावं असंही तिला वाटलं नाही, आणि ते मागतही नव्हते. त्यांनी खरं तेवढं सांगितलं होतं, उशिरा आणि नागवं, आणि त्याच्यावर मलम लावलं नव्हतं, हे तिला आवडलं. कागदावर अजून तेरा रेघा होत्या, सगळ्या हिसके खाल्लेल्या. ती तिसऱ्या रेघेवर गेली. यावेळी कित्त्यातलं काही नाही. तिने आजची तारीख लिहिली, मग एका रोपाचं नाव, कुणी खुडलं, कुठे, जसं ती रोज लिहायची. रेघ जिथे हिसका घेत होती तिथे अक्षरही जरासं वर जाऊन परत खाली येत होतं आणि वाचायला कुठेच अडत नव्हतं. बाबा बघत होते. कागद गुळगुळीत होता, नव्या कलण्यात नीट बसत नव्हता, लिहिता लिहिता सरकायला लागला. उजव्या हाताचं काय करायचं हे तिला मघापासून कळत नव्हतं, तो मांडीत नुसता पडला होता. तिने तो उचलून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. एवढंच काम होतं त्याला, आणि तो ते नीट करत होता.